पक्षी नको, भावंडं दाखवा

कोंबडीला कागद नसतो. घोड्याला असतो, कुत्र्याला असतो: आई कोण, बाप कोण, पणजी कुठली, सगळं नोंदवहीत. कोंबड्यांच्याही संस्था आहेत आणि चांगल्या जुन्या आहेत, पण त्यांचं काम जातीचं वर्णन लिहून ठेवायचं. तुमच्यासमोर पाय झाडत उभी असलेली अमुक एक कोंबडी त्या वर्णनातली आहे, आणि तिचे आईबापही तसेच होते, असं लिहून द्यायला सहसा कुणी येत नाही. त्यामुळे नव्यानं पक्षी पाळायला निघालेला माणूस ‘मला अस्सलच हव्यात’ म्हणतो, तेव्हा व्यवहार शेवटी विकणाऱ्याच्या शब्दावर येऊन ठेपतो.

मला वायनडॉट हव्या होत्या. चंदेरी वायनडॉट. प्रत्येक पांढऱ्या पिसाला काळा काठ, आणि अशी पिसं एकावर एक बसली की सगळा पक्षी कुणी सवडीनं शाईनं काढल्यासारखा दिसतो. अंग गोलसर, पाय पिवळे, डोक्यावर बसका, दाणेदार, मागे निमुळता होत गेलेला गुलाब तुरा. अमेरिकेत तयार झालेली ही जात 1883 साली तिथल्या मानकात, म्हणजे जातींची अधिकृत वर्णनं असलेल्या पुस्तकात, आली. चित्रातली वायनडॉट आणि विकायला ठेवलेली वायनडॉट यांत केवढं अंतर असतं, ते शोधायला लागल्यावर कळलं. कुठे पिसांचा काठ विरून गेलेला, कुठे पायांवर बारीक खुंटं फुटलेली, कुठे बांधाच लेगहॉर्नसारखा सडपातळ. आणि प्रत्येक विकणारा छातीठोक: ‘प्युअर आहे, डोळे झाकून न्या.’

ही थापेबाजी आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चीनकडून धिप्पाड, पायांवर पिसं असलेले पक्षी इंग्लंड-अमेरिकेत पोचले आणि दोन्हीकडे लोकांना कोंबड्यांचं अक्षरशः वेड लागलं. 1849 मध्ये बॉस्टनला मोठं प्रदर्शन भरलं, गर्दी लोटली, अंड्यांना आणि पिल्लांना तोंडाला येईल तो भाव मिळू लागला. एकाच धाटणीचे पक्षी कुणी शांघाय म्हणून विकी, कुणी चितगाव म्हणून, कुणी ब्रह्मपुत्रा म्हणून. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं तर 1852 साली आपले करडे पक्षी थेट राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले. एवढी जाहिरात दुसऱ्या कशानं झाली असती? तीन वर्षांनी ज्वर उतरल्यावर याच गृहस्थानं त्या सगळ्या वेडाची, आपल्या गिऱ्हाइकांसकट, टर उडवणारं पुस्तक लिहिलं. आधी पक्षी विकले, मग किस्सा विकला. मला हा माणूस थोडासा आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याच काळात लोकांना हेही जाणवू लागलं होतं की कुठल्या पक्ष्याला काय म्हणायचं हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. इंग्लंडमध्ये 1865 मध्ये पहिलं मानक निघालं. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन 1873 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं आपलं मानक काढलं. ही मानकं मी मिळवून वाचली आणि खरं सांगायचं तर त्यांची गोडी लागली. तुऱ्याला दाते किती, शेपटीचा कोन किती, कानाची पाळी लाल की पांढरी, बोटं चार की पाच, तळव्याचा रंग कोणता. माणसांनी एका कोंबडीकडे इतकं निरखून पाहिलं, याचंच मला अप्रूप वाटत राहिलं.

नवख्यासाठी मानकाचा पहिला उपयोग असा की बरीचशी उघड भेसळ जागच्या जागी पकडता येते. चितकबरी, आडव्या पट्ट्यांची कोंबडी ‘मरान्स’ म्हणून पुढे केली तर पायांकडे बघायचं. मरान्सचे पाय पांढरट-गुलाबी असतात. पिवळे असतील तर समोर बहुधा प्लिमथ रॉक आहे किंवा तिचा अंश आहे. पट्टे आणि पिवळे पाय आहेत, पण तुरा करवतीसारखा उभा नसून गुलाबाचा, तर मग ती डॉमिनिक असू शकते. ब्रह्मा जातीचा तुरा वाटाणा तुरा, म्हणजे तीन बुटक्या रांगांचा. उभ्या, एकेरी तुऱ्याचा ‘ब्रह्मा’ दाखवला तर त्यात कोचीन जातीचा हात असावा असं समजावं. काळ्या ऑस्ट्रालॉर्प आणि काळ्या जर्सी जायंटमध्ये तर माझा गोंधळ ठरलेला असायचा. मग एकानं सांगितलं, पक्षी उलटा धरा. ऑस्ट्रालॉर्पचा तळवा पांढरट, जर्सी जायंटचा पिवळा. त्या दिवसापासून मी कुणाकडेही गेले की आधी कोंबड्यांचे तळवे बघते आणि लोक माझ्याकडे बघतात.

सिल्कीला पाच बोटं असतात. चार असली तर पिसं कितीही रेशमी असोत, मागे सरायचं. ऱ्होड आयलंड रेडच्या कानाच्या पाळीत पांढरी झाक दिसली की शंका घ्यायची. नेकेड नेक, म्हणजे उघड्या मानेच्या कोंबडीची गंमत सगळ्यात छान. तिच्या मानेवर पिसं नसतात ती एका जनुकामुळे. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं असेल तर मान जवळजवळ पूर्ण उघडी. एकाकडूनच आलं असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो. कोंबडी स्वतःच आपल्या आईबापांबद्दल साक्ष देते, इतकी प्रामाणिक दुसरी जात मला माहीत नाही. आणि पायांवर पिसं नसलेल्या जातीत पायाच्या नळीवर किंवा बोटांच्या बेचक्यात पिसाचं एखादं खुंट दिसलं, तर मागच्या कुठल्यातरी पिढीत पायांवर पिसं असलेलं कुणीतरी येऊन गेलेलं आहे. विकणारे हे खुंट उपटून ठेवतात असं ऐकलं आहे. बोट फिरवून बघावं.

उलट बाजूनंही चूक होते. पिवळ्या पायांची कोंबडी भरपूर अंडी घालू लागली की तिच्या कातडीतला पिवळा रंग बलकात जाऊ लागतो: आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याभोवतीचा, पुढे पाळीचा आणि चोचीचा, शेवटी पायांचा. त्यामुळे फिकट पायांची लेगहॉर्न बघून ‘भेसळ आहे’ म्हणून नाक मुरडणारा माणूस बहुतेक वेळा घरातली सगळ्यात कष्टाळू कोंबडी नाकारत असतो. मरान्सचं चॉकलेटी अंडंही हंगामाच्या शेवटी फिकं पडतं. म्हणून पाय बघताना कोंबडी अंड्यावर आहे का, आणि असली तर किती काळ, हे विचारायचं.

एवढं शिकल्यावर मला वाटू लागलं होतं की आता आपल्याला कुणी गंडवणार नाही. तेव्हाच एका वयस्कर गृहस्थांशी ओळख झाली. ते वर्षानुवर्षं एकच जात सांभाळत आलेले. मी त्यांच्याकडे मानकातल्या खुणा घडाघडा बोलून दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पक्षी काय बघताय? भावंडं बघा. सगळ्यात वाईट भावंडं दाखवा म्हणावं त्याला.”

“काका, चांगला पक्षी समोर असताना वाईट कशाला बघायचा?”

“चांगला एखादा कुणाकडेही निघतो.”

या एका वाक्याचा अर्थ लावताना मला कोंबड्यांचं अनुवंशशास्त्र वाचावं लागलं, आणि ते फार सुरस निघालं. प्राण्यांमध्ये मेंडेलचे नियम लागू पडतात हे 1902 मध्ये विल्यम बेटसन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं ज्या प्रयोगांतून दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरचे होते. गुलाब तुरा एकेरी तुऱ्यावर वरचढ. म्हणजे वायनडॉटला एकीकडून गुलाब आणि दुसरीकडून एकेरी तुऱ्याचं जनुक मिळालं, तरी डोक्यावर गुलाबच दिसणार. अशा दोन पक्ष्यांची जोडी लावली की साधारण चौथा हिस्सा पिल्लांना एकेरी तुरा येतो.

आता कुणी म्हणेल, मग असे एकेरी तुऱ्याचे वाहक काढून टाकावेत, झालं शुद्ध! इथेच निसर्गानं पाचर मारून ठेवली आहे. ज्या कोंबड्याला दोन्हीकडून गुलाब तुऱ्याचं जनुक मिळालेलं असतं, त्याच्या शुक्राणूंत कस कमी असतो. त्याची अंडी कमी फळतात. एकेरी तुऱ्याचं जनुक लपवून फिरणारा त्याचा भाऊ मात्र जोमदार. पाळणाऱ्यानं काही ठरवलं नाही, नुसती जास्त पिल्लं देणाऱ्या कोंबड्याकडून पिढी पुढे नेली, तरी तो एकेरी तुरा कळपात मुरत जातो. त्यामुळे अगदी निर्भेळ घराण्यातही वायनडॉटच्या अंड्यातून अधूनमधून एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघतं. ते पिल्लू मानकात बसत नाही, पण भेसळीचंही नाही. आणि संकरातून आलेली, अंगात अर्धं भलतंच काही असलेली कोंबडी बाहेरून मानकात नीट बसू शकते.

निळ्या अंदलुशियनचं तर याहून चमत्कारिक. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी, दोन्ही शंभर नंबरी, आणि पिल्लं निघणार साधारण निम्मी निळी, पाव काळी, पाव पांढरट शिंतोड्यांची. निळा रंग हीच दोन जनुकांची तडजोड आहे, ती स्थिर राहूच शकत नाही. नवखा माणूस काळी पिल्लं बघून विकणाऱ्याला फोन लावतो आणि भांडतो. विकणारा खरा असूनही.

काळ्या कातडीच्या पक्ष्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे कडकनाथचं नाव झाल्यापासून ‘काळी म्हणजे अस्सल’ हे समीकरण पक्कं बसलं आहे. कडकनाथ, सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी, या सगळ्यांचा आतपर्यंतचा काळेपणा एकाच जनुकीय फेरफारातून आलेला आहे आणि तो वरचढ आहे. लेगहॉर्नसारख्या साध्या कोंबड्यांत मात्र दुसरं एक जनुक असतं, ते कातडीतला काळा रंग दाबतं, आणि ते लिंगाशी जोडलेलं आहे, म्हणजे मुलीला ते फक्त बापाकडूनच येतं. बेटसन आणि त्याचा सहकारी पनेट यांनी सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न यांच्यावर हे करून पाहिलं आणि 1911 मध्ये छापलं. सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी अशी जोडी लावली तर मुली गडद काळ्या निघतात, मुलगे फिके. उलटी जोडी लावली तर सगळीच फिकी. म्हणजे काळ्या कातडीचा एक कोंबडा आणि साध्या कोंबड्यांचा कळप एवढ्या भांडवलावर काळ्या तलंगांची बाजारात रांग लावता येते. चोच काळी, जीभ काळी, तुरा काळपट, गिऱ्हाईक खूश. पुढच्या पिढीत खेळ उघडा पडतो. त्या वेळी विकणारा म्हणतो, खाद्य बदललं असेल तुम्ही.

निळसर अंड्यांचंही तेच. ते जनुकही वरचढ, म्हणून निळं अंडं घालणारी प्रत्येक कोंबडी अरौकाना जातीची नसते, बऱ्याचदा ती गोड स्वभावाची, गोंडस गालमिशांची सरमिसळ असते. पाळायला उत्तमच असते. फक्त तिला अरौकाना म्हणू नये.

काकांचं म्हणणं मग लख्ख कळलं. एक पक्षी म्हणजे एक नमुना. आत काय दडलंय ते त्याच्याकडे बघून दिसत नाही, त्याच्या दहा-वीस भावंडांकडे बघून दिसतं. सगळी एकसारखी असतील तर घराणं स्थिरावलेलं आहे. चार रंगांची, तीन प्रकारच्या तुऱ्यांची असतील तर हातातला देखणा पक्षी सोडतीत लागला आहे. आणि वाईट भावंडं अशासाठी बघायची की ती न लाजता दाखवणारा माणूस आपल्या कळपाला ओळखून असतो. ‘आमच्याकडे खराब निघतच नाहीत’ असं जो म्हणतो, त्याच्याकडून मी पाण्याचं भांडंसुद्धा घेणार नाही.

म्हणून मी पक्षी शोधणं सोडलं आणि माणूस शोधू लागले. एक किंवा दोनच जाती पाळणारा. पंचवीस जाती एकाच अंगणात फिरत असतील तर तिथे शुद्धता टिकवायला इतकी खुराडी, इतकी दारं आणि इतकी शिस्त लागेल की ती डोळ्यांना दिसलीच पाहिजे. नाही दिसली, तर नाही आहे.

विचारायचा एक प्रश्न मी विशेष जपून ठेवला आहे: ‘अंडी उबवायला ठेवण्याआधी कोंबड्या किती दिवस वेगळ्या ठेवता?’ कोंबडीच्या शरीरात शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. कोंबडा दूर केल्यावरही दोन-तीन आठवडे ती फळलेली अंडी घालू शकते. म्हणून जाती एकत्र चरत असतील, तर त्या वेगळ्या केल्यावर तीन ते चार आठवड्यांनीच धरलेली अंडी भरवशाची. ‘कालच वेगळ्या केल्यात’ असं हसतमुखानं सांगणारे भेटतात. दुसऱ्या टोकाला, ‘एकदा परक्या कोंबड्याचा संग झाला की कोंबडी कायमची बिघडते’ म्हणणारेही भेटतात. तसं काही नसतं. साठा संपला की विषय संपला. कोंबडीच्या चारित्र्याची एवढी काळजी करणाऱ्यांनी आपल्या कुंपणाच्या जाळीची करावी.

दुसरा प्रश्न मूळ पक्ष्यांचा. कुणाकडून आणले, कधी आणले, मधे बाहेरचं रक्त घातलं का, घातलं तर कुठलं. याचं उत्तर वहीतून आलं तर फार चांगलं, आठवणीतून अडखळत आलं तरी चालेल. पायातल्या कड्या असतील तर अधिक बरं: बंद कडी पिल्लू लहान असतानाच पायात सरकवता येते, मोठ्या पक्ष्याला चढत नाही, त्यामुळे तिच्यावरचं साल खोटं करणं अवघड. मात्र कडीवरून वय कळतं, कूळ नाही. ‘बाहेरचं रक्त कधीच घातलं नाही’ हे अभिमानानं सांगितलं गेलं, तर पुढचा प्रश्न: अंड्यांतून पिल्लं किती निघतात? लहान कळपात पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच जोड्या लागल्या की आधी उबवण घसरते, मग पिल्लांचा जोम. शुद्धतेचा ताठा मिरवणारी पण वंश न वाढवणारी घराणी मी पाहिली आहेत, पक्ष्यांची म्हणतेय.

अंडी घ्यावीत, पिल्लं घ्यावीत की मोठे पक्षी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत थोडक्यात: नवख्यानं वयात येत असलेले पक्षी घ्यावेत. तुरा, पाय, पाळी, बांधा सगळं तोवर उघड झालेलं असतं आणि कोंबडा-कोंबडीचा जुगार उरत नाही. लांबून मागवलेल्या अंड्यांतली निम्मी जरी उबली तरी नशीब म्हणायचं, आणि त्या निम्म्यांतले निम्मे कोंबडे. एक दिवसाची पिल्लं बघून जात ठरवणं तर जाणत्यालाही जड जातं. काही संकर मुद्दाम असे लावलेले असतात की पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखू यावेत: ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. झकास अंडी देतात त्या माद्या, पण त्यांची पुढची पिढी कशीही निघते. हे सांगून विकलं तर त्यात काहीच वावगं नाही. नवे पक्षी कितीही भरवशाच्या माणसाकडून आले तरी महिनाभर वेगळे ठेवावेत, हे जाताजाता.

या सगळ्या खटाटोपात मला एक विचार वारंवार छळायचा: शुद्ध म्हणजे नेमकं काय? 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्यांच्या मुख्य पूर्वजाकडून, तांबड्या रानकोंबड्याकडून, आलेलंच नाही. ते बहुधा आपल्या दक्षिण आणि पश्चिम भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आलं आहे. डार्विनला वाटत होतं की सगळ्या पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबड्याच्या. म्हणजे माझ्या वायनडॉटचे पिवळे पाय, जे नसले तर मानकवाले तिला बाद करतील, तेच मुळात एका प्राचीन संकराची खूण आहेत. शिवाय वायनडॉट ही जात एकोणिसाव्या शतकात माणसांनी निरनिराळे पक्षी एकत्र करूनच घडवली. आणि एकाच नावाखाली दोन वेगवेगळे पक्षी नांदतात ते निराळंच. प्रदर्शनातली ऱ्होड आयलंड रेड गडद, जवळजवळ काळसर तांबडी. अंड्यांसाठी निवडत आणलेली फिकी, हलकी आणि दुप्पट कामाची. दोन्ही घरचे लोक दुसऱ्याला नकली म्हणतात.

तरीही मला शुद्धच हवी होती, आणि याचं कारण माझ्यापुरतं साधं आहे. अंड्यातून काय निघणार याचा अंदाज बांधायचा आणि तो किती खरा ठरतो ते बघायचं, यात मला मजा येते. सरमिसळ कळपात प्रत्येक पिल्लू एक नवल असतं, ती मजा वेगळी. ज्यांना फक्त अंडी हवीत त्यांनी जातीच्या मागे मुळीच लागू नये.

अखेर पक्षी मिळाले ते काकांनी सांगितलेल्या एका माणसाकडे. लगेच नाहीत, त्यांनी वाट पहायला लावली, कारण त्या हंगामातली पिल्लं त्यांना स्वतःलाच निवडून घ्यायची होती. न विचारता त्यांनी मागच्या खुराड्यात नेऊन बाजूला काढलेले पक्षी दाखवले. त्यात एकेरी तुऱ्याचे दोन होते. “हे आमच्यात निघतात,” एवढंच म्हणाले.

आता माझ्याकडची पिल्लं कुणी न्यायला आलं की मीही तेच आधी सांगते. काहीजण ऐकून परत जातात. त्यांना डोळे झाकून नेण्यासारखी वायनडॉट दुसरीकडे मिळते. जे थांबतात, त्यांना आधी एकेरी तुऱ्याचा कोंबडा दाखवते, मग त्याचा बाप, मग वही. एका मुलीनं परवा वही उघडण्याआधी सरळ एक कोंबडी उचलली, उलटी केली आणि तळवे बघितले. तिला मी माझ्या निवडीतली एक तलंग देऊन टाकली.